रोकड असूनही कारखाना का वाढवत नाहीत?

बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यापासून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या घरांत, थोडेफार शेअर्स बाळगून असलेले कोणी ना कोणी मला विचारतेच : "एका कंपनीकडे रोकड नुसती पडून आहे, तरी ती कारखाना वाढवत नाही, दुसरी कर्जात असून भलत्याच धंद्यात उडी घेते. हे कसे?" तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तकी उत्तर असे, की प्रकल्पाचा परतावा भांडवलाच्या खर्चाहून, म्हणजे पैसा पुरवणाऱ्यांना अपेक्षित असलेल्या परताव्याहून, अधिक असेल तर तो हाती घ्यावा. पण हा हिशेब करण्याआधी मी एक गोष्ट पाहत असे : निर्णय कोण घेतो, आणि तो फसला तर झळ कोणाला लागते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सत्यमचे आहे. १६ डिसेंबर २००८ रोजी या संगणक कंपनीच्या संचालक मंडळाने प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभारून चालवणाऱ्या, कुटुंबाच्याच मेटास नावाच्या दोन कंपन्या, एक घरबांधणीतली आणि दुसरी पायाभूत सुविधांची, सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला. सत्यममध्ये प्रवर्तकांचा वाटा जेमतेम आठ-नऊ टक्के होता, तर मेटासमध्ये तो कितीतरी मोठा होता. म्हणजे सत्यमच्या तिजोरीतून जास्तीचे शंभर रुपये गेले तर त्यांतले नव्वदहून अधिक इतर भागधारकांचे जाणार होते. मंडळावर नामांकित प्राध्यापक स्वतंत्र संचालक (प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले) म्हणून होते, तरी ठराव संमत झाला. तो रोखला गुंतवणूकदारांनी, काही तासांतच. पुढे कंपनीच्या अध्यक्षांच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रातून कळले, की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोकडीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते आणि खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा मेटासची खरेदी हा शेवटचा प्रयत्न होता. आज अशा मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधित पक्षांना, म्हणजे प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या यांना, त्याच्या बाजूने मत देता येत नाही. स्वतंत्र संचालकांच्या संख्येपेक्षा मला हा नियम अधिक कामाचा वाटतो.

जेन्सन आणि मेकलिंग या अर्थतज्ज्ञांनी १९७६ मध्ये मालक आणि व्यवस्थापक यांच्या हितविरोधाची मांडणी केली, ती प्रामुख्याने पगारी व्यवस्थापकांना डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडे मात्र प्रवर्तकच कारभारी असतो, म्हणून खरी ओढाताण त्याच्यात आणि छोट्या भागधारकांत होते.

कर्जाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. समजा, दहा कोटींच्या नव्या यंत्रांतून बारा कोटी मिळणार आहेत, पण जुने कर्ज इतके थकले आहे की त्यांतले पाच कोटी आधी बँकेकडे जातील. मग मालक दहा घालून सात का घेईल? चांगला प्रकल्पही तो सोडून देतो. वित्तशास्त्राचे अभ्यासक मायर्स यांनी १९७७ मध्ये हेच दाखवले. गंमत म्हणजे तोच मालक बुडण्याच्या बेतात आला, की अचाट जोखमीच्या धंद्याकडे वळू शकतो, कारण जमले तर फायदा त्याचा आणि फसले तर बुडणारा पैसा बहुतांशी बँकेचा. तुमच्या त्या दुसऱ्या कंपनीकडे मी याच संशयाने पाहीन.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदाराची अडचण नेमकी उलटी असते. तो स्वतःच मालक आणि स्वतःच व्यवस्थापक, त्यामुळे हितविरोध नाही. पण राहते घर तारण आणि वर वैयक्तिक हमी दिल्यावर, हातात ऑर्डर असूनही तो दुसरे यंत्र घ्यायला कचरतो. आणि बँकेतही सगळे आलबेल नसते, हेही सांगितले पाहिजे : चांगला प्रस्ताव नाकारल्याबद्दल अधिकाऱ्याला सहसा कोणी जाब विचारत नाही, मंजूर केलेले कर्ज थकले की मात्र चौकशी लागते.

राहिली रोकड बाळगणारी कंपनी. भरपूर रोकड हाती असली की व्यवस्थापक परताव्यापेक्षा कंपनीचा पसारा वाढवण्याच्या मागे लागतात, हा धोका जेन्सन यांनी १९८६ मध्ये सांगितला होता. तेव्हा तिने भलते काही विकत घेतलेले नाही, ही जमेची बाजू समजा. घाईघाईत बाजारात नवे शेअर्स काढावे लागू नयेत म्हणूनही काहीजण पैसा राखून ठेवतात. मात्र ती लाभांशही देत नसेल, तर वार्षिक अहवालात संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप उघडा आणि समूहातल्या इतर कंपन्यांना किती कर्जे व ठेवी दिल्या आहेत ते पाहा. सोबत प्रवर्तकांचे किती शेअर्स गहाण आहेत, तेही शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तपासा.