आमची वाटचाल : चॅसी तुमची, बॉडी दुसरीच

आमची सुरुवात फायबरच्या दुरुस्तीपासून झाली. तडकलेला मडगार्ड, फुटलेला बंपर, एखादी होडी, येईल ते काम घ्यायचं. मामा मूळचे सुतार, त्यामुळे साच्यासाठी लागणारा लाकडी नमुना ते करायचे आणि मॅट-रेझिनचं, म्हणजे काचतंतूंच्या चटईवर रेझिन चढवून फायबर बनवायचं काम माझ्याकडे. पुढे किट कारच्या, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या गाडीच्या, बॉडीचे साचे करू लागलो. अशातच एक गिऱ्हाईक घरी वेल्डिंग करून बनवलेली चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घेऊन आलं. चॅसी लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची, उघडी आणि बिनदारांची. त्यांना हवी होती दारंवाली बंद कूपे. "बॉडी मी विकत घेतलीय, तुम्ही नुसती बसवून द्या," ते म्हणाले. मामांनी चॅसीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, दार उघडणार कुठं?"

आज आमचं बहुतेक काम हे बसवून देण्याचंच आहे. साचे मागे पडले.

चॅसीवर दुसरी बॉडी चढवण्यात नवीन काही नाही. फोक्सवॅगन बीटलचा तळ वेगळा आणि बॉडी त्यावर कडेकडेने बोल्टांनी बसवलेली. बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. म्हणूनच १९६० च्या दशकात ब्रूस मेयर्स यांच्या मेयर्स मँक्स या वाळूत पळवायच्या बग्गी गाडीला बीटलचा तळ सोयीचा पडला. तो मधे कापून साधारण ३६ सेंटिमीटर आखूड करायचा आणि वर फायबरची बॉडी. पण कारखान्यातून आलेला तळ एकासारखा एक असतो. घरी केलेल्या चॅसीचं तसं नसतं. एकाच नकाशावरून दोघांनी बनवली तरी दोन्हींची मापं जुळत नाहीत, कारण २५ मिमीच्या चौकोनी नळीला एका बाजूने वेल्ड मारला की ती थंड होताना त्याच बाजूला ओढली जाते.

म्हणून आमच्याकडे गाडी आली की पहिलं हत्यार निघतं ते ओळंबा. चॅसी टेकूंवर लेव्हलमध्ये घ्यायची, सस्पेन्शनच्या प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडायचा आणि जमिनीवर खुणा करायच्या. मग खुणांचे कर्ण मोजायचे, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मोजायचा, मधली रेषा आखायची. बॉडीचीही मधली रेषा अशीच काढतो. साच्यातून लवकर काढलेलं, नीट न टेकवता ठेवलेलं फायबर आपल्याच वजनाने वाकतं, तेव्हा बॉडी सरळ असेल असं धरून चालायचं नाही. दोन्ही वाकडे निघाले तर आम्ही चाकांना प्रमाण मानतो. चाकाची कमान पुढे-मागे झालेली रस्त्यावरच्या कुणालाही दिसते. आतली नळी कुणी बघत नाही.

आता ती दाराची गोष्ट. सेव्हनच्या धर्तीच्या चॅसीत बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना नळ्यांची उंच चौकट असते, आणि गाडीला पीळ पडू न देण्यात त्या उंचीचा मोठा वाटा असतो. दारासाठी वरची नळी खाली आणली की चौकट बुटकी होते आणि चॅसी मऊ पडते. मग खालचा उंबरा रुंद करा, गिअरबॉक्सवरचा बोगदा वरखाली पत्र्याने बंद करा, डॅशबोर्डखाली आडवी चौकट द्या, असे उपाय करावे लागतात. कापण्याआधी आणि नंतर आम्ही पीळ मोजतोच. मागची बाजू जखडायची, पुढे आडवा बीम बांधून एका टोकाला वजन टांगायचं आणि बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावून बघायचं. आकडा आधीपेक्षा वाईट आला तर बॉडी खाली उतरते आणि वेल्डिंग परत सुरू होतं. यात वेळ जातो. पैसेही.

बसवताना बॉडी बोल्टने ओढून खाली आणायची नाही, हा मामांचा नियम. बॉडी मोकळी टेकली पाहिजे. जिथे फट राहील तिथे शिम, म्हणजे पातळ चकती, खाली रबर, आणि बोल्टखाली मोठा वॉशर किंवा पत्र्याची पट्टी. ओढून बसवलेल्या बॉडीवर सहा महिन्यांत जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, चांदणीसारख्या भेगा पडतात. रंगारी दोष आपल्यावर घेतो बिचारा. सीटबेल्टचा बोल्ट मात्र चॅसीलाच, फायबरला कधीच नाही. यावर चर्चा करत नाही.

नंतर स्प्रिंग काढून चाक हाताने पूर्ण वर उचलतो आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवतो. शेडमध्ये सुंदर दिसणारी कमान इथेच टायरला घासते. बंद बॉडीत रेडिएटरची हवा आत येते, पण बाहेर कुठून जाणार हे कुणी ठरवलेलं नसतं, तेही याच टप्प्यावर बघायचं.

दिव्यांचं एक सांगतो, कारण यासाठी येणारे फोन अजून थांबलेले नाहीत. "नवीन बॉडी घातल्यापासून इंडिकेटर लावला की हेडलाइट मिणमिणतो." लोखंडी बॉडीत अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, पत्र्यातूनच मिळतो. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला चॅसीपर्यंत वेगळी अर्थची वायर लागते. ती नसली की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. दिवा बदलून उपयोग नाही.

मापं घेण्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो, बॉडी बसवून घ्या किंवा नका घेऊ. त्यामुळे काही गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. काहींनी मापं पाहून बॉडी घ्यायचा विचार सोडला, आणि त्यातलेच काही पुढे दुसरं काम घेऊन आले. आता धाकटा भाऊ मापांचं सगळं बघतो. मामा फक्त ओळंबा कुणी हलवला की ओरडतात.

चौकशी करणाऱ्यांनी बॉडीचे फोटो नंतर पाठवावेत. आधी व्हीलबेस डावा-उजवा वेगवेगळा मोजून कळवा, पुढची-मागची ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर), चाकांचा ऑफसेट (चाक जिथे बोल्टने बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर), जमिनीपासून इंजिनच्या सर्वात उंच भागाची उंची, आणि बॉडी बदलल्यावर तुमच्याकडे नोंदणीला नव्याने तपासणी लागते का ते. बॉडीचे पैसे भरले नसतील तर उत्तमच, थोडे थांबा.