व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी बाळाच्या हृदयाला काही होईल का?

फोंड्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात गरोदर सून आणि सासू अशी जोडी आली, की चिठ्ठी पुढे करते सून आणि प्रश्न विचारते सासू. ह्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी बाळाच्या काळजाला काही होणार नाही ना? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. उलट सुरुवातीपासून घेतलेले फॉलिक ॲसिड मज्जारज्जूच्या व्यंगाचा धोका कमी करते. तरीही ही गोळी कपाटात पडून राहते, आणि कंबर दुखू लागली की दुखण्यावरची गोळी मात्र कोणालाही न विचारता घेतली जाते. माझी काळजी त्या दुसऱ्या गोळीची आहे.

पोटातल्या बाळाला प्राणवायू वारेतून (प्लासेंटातून) मिळतो. फुफ्फुसांना अजून काम नसल्यामुळे त्यांच्याकडे निघालेले बहुतेक रक्त ‘डक्टस आर्टिरिओसस’ नावाच्या आखूड रक्तवाहिनीतून थेट महारोहिणीत, म्हणजे शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत, वळते. ही वाट उघडी राहते ती मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे. जन्मानंतर रक्तातला प्राणवायू वाढला आणि वारेकडून येणारे प्रोस्टाग्लँडिन थांबले, की पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण दोन-तीन दिवसांत मिटते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक वेदना शमवते ते प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ न देऊनच, आणि ही औषधे वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतात. त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत ही वाट अवेळी आकसू शकते व हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हीच वाहिनी मिटेनाशी झाली, तर डॉक्टर याच जातीचे औषध मुद्दाम देतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली ही औषधे विसाव्या आठवड्यापासूनच टाळण्याची सूचना दिली. तिचे कारण मात्र निराळे होते: बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. आपल्याकडची अडचण अशी, की पॅरासिटामॉल म्हणून मागितलेल्या पाकिटात पुष्कळदा याच जातीचे ॲसेक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेले असते, आणि कंबरेला चोळायच्या कित्येक जेलमध्येही डायक्लोफेनॅक असते. रक्तदाबाच्या धोक्यामुळे डॉक्टरांनी अल्प मात्रेत दिलेली ॲस्पिरिनची गोळी याच जातीची असली, तरी तिची गोष्ट वेगळी आहे. ती आपल्या मनाने बंद करू नये.

व्हिटॅमिनांत खरोखर जपायचे ते ‘ए’ला, आणि तेही अगदी सुरुवातीला. पाळी चुकून आठवडा उलटतो न उलटतो तोच बाळाच्या हृदयाची नळी धडधडू लागते, आणि पुढच्या काही आठवड्यांत महारोहिणीची कमान आकार घेते. मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे ‘ए’चेच भावंड नेमके याच घडणीत बिघाड करते, म्हणून ते थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. आखातातून किंवा पोर्तुगालहून नातेवाइकांनी आणलेली व्हिटॅमिनची बाटली कोणी दाखवली, की मी तिच्यावर रेटिनॉल किंवा रेटिनाइल पामिटेट ही ‘ए’ची नावे शोधतो. दिवसाला १०,००० युनिटांपेक्षा अधिक मात्रा गरोदरपणात नको, आणि दोन-तीन बाटल्या व माशाच्या यकृताचे तेल एकत्र घेतले तर ती बेरीज नकळत वाढते. गाजर आणि लाल भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटीनचा असा धोका नाही, तेव्हा भाजी निर्धास्त खावी.

आठव्या महिन्यात एखादी वेदनाशामक गोळी घेतली गेलीच असेल, तर घाबरून लपवू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. गरज वाटल्यास ते गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करून ती वाहिनी पाहतील. औषध थांबवल्यावर आकसलेली वाट बहुतेक वेळा पुन्हा मोकळी होते.