सुतळीत खोचलेली चिठ्ठी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. जानेवारीत, गड्डा यात्रा ऐन भरात असताना, गोदाम बघणाऱ्या अण्णांचा फोन आला, "सर, मोठी ऑर्डर उघडता उघडेना."

ऑर्डरीत २४० डिझाइनं होती आणि प्रत्येक ओळ आपला साठा वेगळ्या क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला वेगळा प्रश्न विचारून, मागवत होती. सगळ्या क्वेऱ्या एकदम सुटायच्या हे खरं, पण नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) पोस्टग्रेस डेटाबेसच्या लायब्ररीत पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी जोडण्यांच्या संचात, मुळात १० जोडण्या, बाकीच्या क्वेऱ्या रांगेत.

उपाय माहीत होता. साठा विचारणाऱ्या फंक्शनने लगेच क्वेरी करायचीच नाही. डिझाइनचा क्रमांक यादीत टाकायचा, हातात प्रॉमिस (उत्तर नंतर देण्याचा वायदा) द्यायचं, आणि इव्हेंट लूपची, म्हणजे नोडच्या कामं उरकण्याच्या चक्राची, ती फेरी सरली की जमलेल्या सगळ्या क्रमांकांची एकच क्वेरी. एक पथ्य मात्र आहे: कोडच्या लूपमध्ये फंक्शनला मारलेल्या दर हाकेला अवेट ('उत्तर येईपर्यंत थांब') लावलं, तर पहिलं उत्तर येईपर्यंत दुसरी हाक सुटतच नाही आणि बॅच एकेकाचीच होते. आधी सगळ्या हाका मारायच्या, मग प्रॉमिस डॉट ऑलवर, म्हणजे सगळी उत्तरं येईपर्यंत, थांबायचं.

तीसेक ओळींत मी ते स्वतःच लिहिलं. पान झटक्यात उघडू लागलं.

चौथ्या दिवशी पुन्हा अण्णा. "सर, इथं ८० डझन दाखवतंय, रॅकवर एक नग नाही."

बंद पडलेल्या एका डिझाइनची नोंद कुणीतरी खोडली होती. डेटाबेसने २४० क्रमांकांना २३९ ओळी दिल्या, आणि माझा कोड पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी असं वाटून देत गेला. त्या डिझाइनपासून खाली प्रत्येकाच्या नावावर शेजारच्याचा साठा. एरर एकही नाही. पान सावकाश उघडलेलं परवडतं. खोटा आकडा बघून माणूस व्यापाऱ्याला शब्द देऊन बसतो. ते मला फार लागलं.

त्या दुपारी गोदामात गेलो. अण्णा दर चिठ्ठीला पोऱ्याला माळ्यावर पाठवत नाहीत. आठ-दहा चिठ्ठ्या जमल्या की एकदाच. पोऱ्या गठ्ठे खाली आणतो ते त्याला सापडतील तसे, कसल्याच क्रमाने नाही. पण प्रत्येक गठ्ठ्याच्या सुतळीत त्याची चिठ्ठी खोचलेली असते. जो माल मिळाला नाही, त्याची चिठ्ठी तशीच रिकामी परत येते.

घरी येऊन तेच केलं. आलेली प्रत्येक ओळ तिच्या क्रमांकाखाली मॅपमध्ये ठेवली, मग मागितलेल्या यादीवरून एकेक उचलली; नसेल तिथे नल, म्हणजे 'काही नाही'. अशा क्वेऱ्या एकत्र करणारी, फेसबुकने २०१५ मध्ये खुली केलेली डेटालोडर लायब्ररीही आता घेतली आहे. उत्तरांची संख्या जुळली नाही तर ती तिथल्या तिथे एरर देते. क्रम जुळवणं मात्र आपल्याच माथी. आणि तिचा कॅश (आधीच्या उत्तरांची जपलेली प्रत) दर रिक्वेस्टला नवा घ्यायचा, नाहीतर सकाळचा साठा संध्याकाळी दिसत राहतो.

आता त्या डिझाइनसमोर 'नोंद नाही' असं येतं. अण्णा ते वाचतात, ती ओळ खोडतात आणि पुढची चिठ्ठी घेतात.