निम्मा जोर विजेचा

धबधबा पाहण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आषाढ लागला, की शनिवारी पहाटे गाडी काढायची, घाटातल्या रांगेत तास-दीड तास अडकायचे, मिळेल तिथे गाडी लावून निथळेपर्यंत भिजायचे, तिखट-मीठ-लिंबू चोळलेले कणीस खायचे आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचे. या सगळ्यात धबधबा असतो, पण बहुतेक वेळा तो फोटोच्या मागच्या बाजूला असतो. अमेरिकेच्या वायव्येला, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळ राहायला आल्यावर माझी ही रीत मोडली, कारण इथला पाऊस उलट्या पंचांगाने चालतो. तो मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत पडतो आणि आपल्या आषाढ-श्रावणात इथले आकाश कोरडे ठणठणीत असते. तरीही इथले मोठे धबधबे आटत नाहीत. डोंगराच्या पोटातले झरे त्यांना उन्हाळाभर पाणी पुरवत राहतात. रेनकोट न घालता, कोरड्या अंगाने आणि भर उन्हात धबधबा पाहायचा, हे पचनी पडायला मला बरीच वर्षे लागली.

कोलंबिया नदी कॅस्केड पर्वतरांग आरपार कापून पश्चिमेला समुद्राकडे जाते. तिच्या दक्षिण काठाच्या कड्यांवरून हे धबधबे एकामागून एक कोसळतात आणि त्यांच्या पायथ्यांना जोडत एक जुना रस्ता जातो. खाली नदीलगत नवा रुंद महामार्ग आहे. त्यावरून मोटारीने हा सगळा भाग काही मिनिटांत मागे पडतो. जुना रस्ता मात्र पोहोचण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठीच बांधलेला आहे. सॅम्युअल हिल नावाचा धनिक आणि सॅम्युअल लँकेस्टर नावाचा अभियंता 1908 मध्ये पॅरिसला रस्त्यांवरच्या जागतिक परिषदेला गेले होते. युरोपातले नदीकाठचे रस्ते पाहून आल्यावर हिलने ही कल्पना लावून धरली आणि 1913 ते 1922 या काळात ती प्रत्यक्षात उतरली. लँकेस्टरने आधी पाहण्याजोग्या जागा निश्चित केल्या आणि मग त्यांना जोडत रस्ता नेला. चढ कुठेही शंभराला पाचाहून अधिक असू नये आणि कुठलेही वळण शंभर फूट त्रिज्येपेक्षा आवळ नसावे, असा त्याचा दंडक होता. तेव्हाच्या मोटारी दमेकरी होत्या आणि त्यांच्या सोयीसाठी हे नियम होते. पण आज त्या दंडकाचा खरा लाभ होतो तो सायकलवाल्यांना, आणि त्यातही विजेच्या सायकलवाल्यांना.

मोटारींचे इथे काही खरे राहिलेले नाही. 2022 च्या उन्हाळ्यात तर गर्दी आवरण्यासाठी मोटारींना या पट्ट्यात शिरायला वेळ ठरवून परवाना घ्यावा लागत होता. सायकलींना मात्र तो लागत नव्हता. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत विजेच्या सायकलींची चर्चा सुरू झाली. त्या इथे भाड्याने मिळतात. दुकानदार सायकल, हेल्मेट, कुलूप, नकाशा आणि अडचण आल्यास फिरवायचा फोन नंबर देतो. सोबत कोणी येत नाही. आपले वाटाडे आपणच. माझे वडील पुण्याहून आले होते, तेव्हा मी ही कल्पना त्यांच्यापुढे मांडली. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळात ते कसब्यातून खडकीला रोज सायकलने कामावर जात, त्यामुळे सायकल या विषयावर त्यांची मते पक्की आहेत.

"मोटार ढकलणार म्हणजे ती सायकल कसली? लूना झाली ती," ते म्हणाले.

पण ही लूना नव्हे, आणि तो फरक पायाला पहिल्या चढावरच कळतो. आपण पायडल मारले नाही, तर ही सायकल जागची हलत नाही. पायडलवर किती जोर पडतो आहे, हे आतला सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटार आपला जोर त्यात मिसळते. तुम्ही नेट लावला तर तीही लावते, तुम्ही ढिले पडलात तर तीही थंडावते. ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास वेग गेला, की ती मुकाट्याने अंग काढून घेते आणि त्यापुढे तुमचे तुम्ही. लहानपणी सायकल शिकताना मागून सीट धरून कोणीतरी धावत असते आणि आपल्याला मात्र वाटत असते, की आपणच चालवतो आहोत, तशातली ही मदत आहे. माझी सीट धरून धावलेला माणूस शेजारच्याच सायकलवर होता, त्यामुळे हे मी त्यांना बोलून दाखवले नाही.

ट्राउटडेल या गावापासून सुरुवात केली, तर शेवटच्या मोठ्या धबधब्यापर्यंत वीसेक मैल, म्हणजे साधारण बत्तीस किलोमीटर होतात. त्यातला पहिला भाग चढाचा आहे. आमच्या हँडलवर हाताच्या तळव्यापेक्षा लहान पडदा होता आणि त्यावर बॅटरीच्या पाच काड्या. डाव्या अंगठ्याशी अधिक आणि उणे अशी दोन बटणे होती. अधिक दाबले, की मोटारीची मदत वाढते आणि काड्या लवकर विझतात. "चढ लागायच्या आधी गियर हलका करा, मदत मागाहून वाढवा," असे दुकानातल्या मुलाने बजावले होते. सूचना पाळण्यात बाबांचा हात कोणी धरू शकत नाही, पण मदतीच्या बाबतीत ते कमालीचे चिकट निघाले. सर्वांत खालच्या पातळीवर ठेवून ते दात-ओठ खात चढत होते आणि मी दोन पायऱ्या वर जाऊन आरामात त्यांच्या बाजूने चालले होते. काटकसरीची सवय विजेलाही सोडत नाही.

चढ संपतो तिथे क्राउन पॉइंट नावाचा सुळका आहे. नदीपासून 733 फूट उंचीवर, त्याच्या टोकाला व्हिस्टा हाउस ही अष्टकोनी दगडी वास्तू 1918 मध्ये उभी राहिली. प्रवाशांनी इथे थांबावे, दरी पाहावी, हातपाय धुवावेत आणि पुढे जावे, एवढ्यासाठी ती बांधली. संगमरवर, घुमट, रंगीत काचा असा थाट पाहून, स्वच्छतागृहावर एवढा खर्च कशाला, अशी टीका तेव्हा झाली होती. महामार्गावरची आपली स्वच्छतागृहे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही टीका कृतघ्नपणाची वाटेल. इथला वारा मात्र गमतीचा नाही. सायकल स्टँडवर लावली तर ती आडवी होते, त्यामुळे एकाने दोन्ही सायकली धराव्यात आणि दुसऱ्याने आत जाऊन यावे, हे उत्तम.

तिथून रस्ता इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळणे घेत उतरतो. उतारावर मोटार गप्प असते, फक्त चाकांचा आवाज येतो, आणि पंचवीसेक किलोची सायकल आपल्या वजनाने पळू लागते, तेव्हा दोन्ही ब्रेकांवर बोटे ठेवावी लागतात. उतार संपता संपता लॅटुरेल धबधबा लागतो. सायकली पायवाटेवर नेता येत नाहीत; त्या कुलूप लावून ठेवल्या आणि आम्ही पाण्याजवळ गेलो. हा धबधबा कड्याला न स्पर्शता सरळ खाली पडतो, कारण खालचा खडक झिजून आत गेला आहे. पाण्याच्या मागे उभ्या षटकोनी खांबांची भिंत आहे आणि तिच्या एका बाजूवर पिवळ्याजर्द दगडफुलाचा मोठा पट्टा आहे.

"अरे, हा तर आपला काळा पाषाण!" बाबा म्हणाले.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. सह्याद्री ज्या प्रकारे घडला, त्याच प्रकारे हा प्रदेशही घडला आहे: जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा उसळून आला आणि थरावर थर पसरत गेला. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला बराचसा बेसॉल्ट 1 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासचा, म्हणजे नात्याने धाकटा. मुंबईत अंधेरीला इमारतींच्या गराड्यात गिल्बर्ट हिल उभी आहे. तिचे खांब आणि हे खांब एकाच कारणाने झाले. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे उभे खाली गेले, की असे खांब तयार होतात. फरक इतकाच, की अंधेरीच्या खांबांवर गावदेवीचे देऊळ आहे आणि इथल्या खांबांवरून ओढा पडतो.

पण नुसत्या काळ्या पाषाणाने धबधबे होत नाहीत, त्याला कडा लागतो. इथला कडा पुरांनी कापला. शेवटच्या हिमयुगात, साधारण पंधरा ते अठरा हजार वर्षांपूर्वी, आजच्या आयडाहो राज्यात हिमनदीने एक नदी अडवली होती आणि त्या बर्फाच्या बांधामागे, मोंटाना राज्यात, प्रचंड सरोवर साचले होते. बांध फुटे, सारे सरोवर या दरीतून समुद्राकडे धावे, पुन्हा बर्फ अडे, पुन्हा पाणी साचे. असे अनेकदा झाले. मुख्य दरीच्या भिंती त्या लोंढ्यांनी सरळ तासल्या आणि बाजूचे ओढे वरच्या वर लटकत राहिले. जे. हार्लन ब्रेट्झ या भूवैज्ञानिकाने 1920 च्या दशकात हा महापुराचा सिद्धांत मांडला, तेव्हा जाणकारांनी त्याला वेड्यात काढले. अनेक दशकांनी त्याचे म्हणणे मान्य झाले आणि 1979 मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्याला भूविज्ञानातले मानाचे पेनरोज पदक मिळाले. हे ऐकल्यावर बाबांना त्या कड्यांपेक्षा ब्रेट्झविषयीच अधिक आदर वाटू लागला. "टिकून राहावं लागतं," असे म्हणून त्यांनी मदतीची पातळी पहिल्यांदा एकाने वाढवली.

यापुढचा रस्ता सावलीचा आहे. एका बाजूला शेवाळलेला कडा आणि दुसऱ्या बाजूला इटालियन गवंड्यांनी रचलेल्या दगडी भिंती. मोटारीत बसून या भिंती दिसत नाहीत, नुसत्या सरकतात. चालत गेले तर पुढचा धबधबा येईपर्यंत पाय बोलू लागतात. ताशी पंधरा-वीस किलोमीटर हा वेग असा आहे, की दगडांमधले नेचे ओळखता येते आणि पुढचे वळणही फार दूर वाटत नाही. लँकेस्टरच्या काळातल्या मोटारी काही फार वेगाने जात नव्हत्या, त्यामुळे त्याने हा रस्ता ज्या डोळ्यांसाठी आखला, त्यांच्या जवळपास आज विजेची सायकलच पोहोचते, असे माझे मत आहे. निव्वळ पायाच्या बळावर चढणारे सायकलपटू आम्हाला मागे टाकून गेले, पण त्यांची नजर पुढच्या चाकावर होती.

शेपर्ड्स डेल ही लहानशी घळ एका शेतकऱ्याने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ पोर्टलंड शहराला देऊन टाकली. तिच्यावर पांढरा कमानदार पूल आहे आणि पुलावरूनच पाणी दिसते. मोटारी बहुधा न थांबता जातात, कारण गाडी लावायला तिथे फारशी जागा नाही. त्यानंतर ब्रायडल व्हेल येते. तिथे खोलीएवढे पोस्ट आहे, आणि गावाच्या नावात नववधूच्या मुखपटाचा उल्लेख असल्याने लोक लग्नपत्रिकांवर तिथला शिक्का मारून घेण्यासाठी मुद्दाम येतात. आपल्याकडे पहिली पत्रिका गणपतीला ठेवतात, इथे पोस्टाला.

मल्टनोमा हा या सगळ्यांत मोठा. 620 फुटांचा हा धबधबा दोन टप्प्यांत पडतो आणि दोहोंच्या मध्ये 1914 चा काँक्रीटचा पादचारी पूल आहे. लाकडाच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या सायमन बेन्सनने तो बांधवला आणि धबधब्याची जमीनही शहराला दिली. गर्दी इथे लोणावळ्याच्या तोडीची असते. आई आणि माझा नवरा दशम्या, चटणी आणि दही घेऊन मोटारीने परस्पर इथे येणार होते. आम्ही सायकली लावून, पुलावर जाऊन, तुषार अंगावर घेऊन खाली आलो, तरी त्यांची मोटार जागेच्या शोधात वाहनतळाला घिरट्या घालत होती. बाबांनी त्यांना हात केला, तो जरा जास्तच उत्साहाने.

2017 च्या सप्टेंबरमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने रानात फटाका टाकला आणि सुमारे पन्नास हजार एकर जंगल पेटले. इथले 1925 चे दगडी विश्रामगृह अग्निशामक दलाने रात्रभर पाणी मारून वाचवले. पुढे वनिऑन्टा नावाच्या घळीपाशी जुना रस्ता कड्यातल्या बोगद्यातून जातो. मोटारींचा रस्ता आता बाहेरून आहे, बोगदा फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना. त्याचे लाकडी अस्तर त्या आगीत जळून गेले होते. ते नव्याने बसवून 2021 मध्ये बोगदा पुन्हा खुला झाला. आत शिरले, की लाकडाचा वास येतो आणि बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर हॉर्सटेल धबधबा रस्त्याला अगदी खेटून पडताना दिसतो. त्यासाठी सायकलवरून उतरावेही लागत नाही.

परतीचा हिशेब वेगळा असतो. उन्हाळ्यात या दरीतून वारा समुद्राकडून आत, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो पाठीशी असतो आणि आपण समजतो, की बॅटरी फार चांगली आहे. येताना तोच छातीवर येतो, वर क्राउन पॉइंटचा चढ असतो, आणि पडद्यावरच्या काड्या पटापट विझू लागतात. दुकानातल्या मुलाने निम्म्याहून अधिक बॅटरी परतीसाठी राखायला सांगितले होते. बाबांच्या सायकलवर तीन काड्या शिल्लक होत्या, माझ्या सायकलवर दीड. शेवटच्या चढावर त्यांनी बॅटऱ्या बदलून घेण्याचा प्रस्ताव मांडला, तो मी स्वाभिमानाने नाकारला आणि दुसऱ्या वळणावर स्वीकारला.

सायकली परत करताना बाबांनी दुकानदाराला किंमत, वजन, बॅटरीचे आयुष्य आणि पावसात भिजल्यास काय होते, हे सगळे विचारून घेतले. मोटारीत बसल्यावर त्यांचा बेत तयार होता: सप्टेंबरात पावसाचा जोर ओसरला, की साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरला जायचे.

"तो घाट आहे, बाबा. चार्जिंग कुठे करणार?"

"सज्जनगडाच्या पायथ्याला. आपण वर जाऊन महाप्रसाद घेऊ, तोवर होईल."

"चार तास लागतात चार्जिंगला."

"मग प्रसादानंतर वामकुक्षी आहेच की."