शिट्टी वाजवणारी तबकडी

डीजे म्हणून गाणी वाजवताना माझ्या टर्नटेबलांवर हल्ली ज्या दोन तबकड्या फिरतात, त्यांत एकही गाणं नाही. गाणी सगळी लॅपटॉपमध्ये. सुई टेकवून आवाज थेट स्पीकरला दिला, तर हजार हर्ट्झची एकसुरी शिट्टी ऐकू येते. मिनिटभरात कान किटतात. ही शिट्टी एका छोट्या ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे आवाज संगणकापर्यंत पोचवणाऱ्या डबीतून, लॅपटॉपमध्ये जाते आणि तिच्यावरून सॉफ्टवेअर ताडतं, की वर हात काय उद्योग करतोय. तबकडीवर बोट टेकवून वेग कमी केला, की शिट्टी खाली उतरते आणि लॅपटॉपमधलं गाणंही तसंच घरंगळत खाली येतं.

उलटं फिरवण्यातली गंमत तर मला अजून पुरत नाही. शिट्टी सुलटी वाजो की उलटी, आपल्या कानाला दोन्ही सारख्याच. मग सॉफ्टवेअरला कसं कळतं? तर खाचेच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन आवाज कोरलेले असतात. दोन्हीकडे तीच शिट्टी, पण एक दुसरीच्या पाव लहर मागे. कोण पुढे, कोण मागे एवढं पाहिलं की दिशा कळली. शिवाय शिट्टीतच बारीक खुणा पेरलेल्या असतात. त्यामुळे सुई उचलून दुसरीकडे ठेवली, तर गाणंही नेमकं तिथे जाऊन उभं राहतं. मला हे समजलं त्या संध्याकाळी गाणी वाजवायची राहिली बाजूला, मी नुसती शिट्टीच पुढे-मागे करत बसलो.

कल्पना तशी जुनी. नेदरलँड्समध्ये जन्मलेलं फायनल स्क्रॅच हे असं सॉफ्टवेअर आधी आलं, मग 2004 साली न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीने रेन कंपनीबरोबर स्क्रॅच लाइव्ह आणलं आणि डीजे मंडळींच्या पाठीवरचं ओझं उतरलं. ओझं म्हणजे अक्षरशः. बारा इंची तबकडी साधारण दीडशे ग्रॅमची, वर पुठ्ठ्याचं कव्हर. अशा ऐंशी पेटीत भरल्या की पंधरा किलोंच्या घरात जातात. आणि ऐनवेळी आठवणारं गाणं हमखास दुसऱ्या पेटीत.

पेटी गेली याचं दुःख करणाऱ्यांतला मी नाही. मला चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. हात होता तिथेच राहिला. तबकडीखाली फिरणारी तीच थाळी, तबकडी हाताने सहज सरकावी म्हणून मध्ये घातलेला तोच स्लिपमॅट, वेग कमी-जास्त करायची पिचची तीच पट्टी, शून्यावर आली की बोटाला टक् करून सांगणारी. ज्या टेक्निक्स एसएल-1200 टर्नटेबलवर जगाने हे शिकून घेतलं, ते 1972 सालचं यंत्र. 2010 मध्ये ते बंद झालं आणि 2016 मध्ये कंपनीला पुन्हा आणावं लागलं. हाताला नवं काही शिकायचं नव्हतंच. सुट्टीवर गेला तो कान.

पूर्वी दोन गाण्यांचे ठेके जुळवायचे म्हणजे एक कान हेडफोनला, दुसरा स्पीकरला. जुळले नाहीत तर दोन माणसं एका जिन्यावरून वेगवेगळ्या पायांनी उतरताना होतो तसा धडधडाट. मग मधली दांडी चिमटीत धरून तबकडी किंचित पुढे ढकलायची, नाहीतर थाळीच्या कडेला बोट घासून मागे ओढायची. कोणतं गाणं पुढे पळतंय हे कानानेच ठरवायचं. आता पडद्यावर दोन्ही गाण्यांचे आलेख एकाखाली एक सरकतात, ठेक्याची लाल टेंगळं समोरासमोर आली की झालं. डोळा सांगतो, हात ऐकतो. कानाला कोणी विचारतच नाही. लोक समोर नाचत असतात आणि डीजेसाहेब बँकेच्या खिडकीतल्या कारकुनाइतक्या गंभीर चेहऱ्याने लॅपटॉपमध्ये बघत असतात.

सुराचंही तेच. खऱ्या रेकॉर्डवर लय वाढवली की सूर चढायचाच. पांढरी एकमधलं गाणं सहा टक्के वेगाने फिरवा, ते जवळजवळ काळी एकला जाऊन बसतं. त्यामुळे कोणतं गाणं किती ताणता येईल आणि कुठे गायिका चिरकू लागेल याचा अंदाज आपोआप अंगात भिनायचा. सॉफ्टवेअरमध्ये की-लॉकचं बटण दाबलं की लय एकीकडे, सूर दुसरीकडे. सोय मोठी आहे, नाकारत नाही. फार ताणलं की ढोलाच्या ठोक्याची धार बोथट होते, एवढंच.

एका बाबतीत मात्र मी सॉफ्टवेअरच्या बाजूने आहे. माझ्या आवडीच्या रेकॉर्डची सुरुवात, म्हणजे जिथून मी ती शेकडो वेळा मागे-पुढे केली ती जागा, झिजून झिजून फसफसायला लागली होती. जे गाणं जास्त आवडायचं तेच आधी खराब व्हायचं, हा कुठला न्याय? आता झीज होते ती शिट्टीची. झिजली की दुसरी आणायची. गाण्याला ओरखडाही नाही.

मधल्या काळात एक तोडगा काढला आहे. लॅपटॉप बाजूला, मान वळवल्याशिवाय दिसणार नाही असा. गाणं शोधण्यापुरतं बघायचं आणि पुन्हा हेडफोन. ठेके आपोआप जुळवणाऱ्या सिंकच्या बटणाला मी हात लावत नाही. लावणाऱ्यांवर राग नाही, पण मग थाळ्या कशाला फिरवायच्या?

सुईचे लाड पूर्वीसारखेच चालू आहेत. उलट वाढलेच म्हणा. रेकॉर्डवर धूळ आली तर कडकड व्हायची आणि गाणं पुढे जायचं. शिट्टीवर धूळ आली तर सॉफ्टवेअर बावचळतं, गाणं अडखळतं, कधी भलत्याच वेगाने सुटतं. त्यामुळे ब्रश, सुईच्या दंडाचं वजन, अर्थिंगची तार, सगळं आधीपेक्षा काटेकोर. आता तबकडीवर ठेवायचं एक छोटं वायरलेस यंत्रही मिळतं, त्याला सुईच लागत नाही. ते घ्यावं असं दर वेळी वाटतं आणि दर वेळी मी नवी सुई घेऊन येतो, एकच सूर ऐकण्यासाठी, तीही चांगल्यातली.