चाकांवरचं घर जागचं का हलत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्परव्हॅन घेऊन मुलाबाळांसह डोंगरात जाता, रोज नवी खिंड, नवी दरी पाहता येईल. तरी एकाच जागी दिवसच्या दिवस मुक्काम का ठोकता, असं मला बरेचजण विचारतात.

कारण डोंगर पायी पाहायचा असतो. व्हॅन मला फिरण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी हवी असते. चालून दमलेलं पोर भरदुपारी झोपलं तर अंथरूण तयार, पाऊस आला तर कोरडी जागा, ओले मोजे वाळवायला दोरी. हे सगळं सुख गाडी उभी असतानाच मिळतं.

आणि घाटात एवढी मोठी गाडी हाकणं सोपं नाही. पाण्याच्या टाकीत १०० लिटर भरले की सरळ १०० किलो वजन वाढतं. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्क्यांनी घटते. चढ कसाबसा निभावतो, खरी काळजी उताराची. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं मी अक्षरशः पाळते. त्यात रस्ता अरुंद, समोरून मेंढरांचा कळप, मागे मळमळणारी मुलं. असा घाट रोज केला तर दिवसातला सगळ्यात ताजा वेळ रस्त्यातच जातो. आम्ही तो येताना एकदा आणि जाताना एकदा करतो.

उंच प्रदेशात थांबण्याला आणखी एक कारण आहे. २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. मोठा माणूस डोकं दुखतंय म्हणून सांगतो. तान्हं मूल नुसतं किरकिरतं, खात नाही, आणि आपण ते प्रवासाच्या शिणावर ढकलतो. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. गाडी मात्र तासाभरात त्याहून वर नेऊन ठेवते. खाली मुक्काम करायचा, दिवसा वर चालून यायचं, रात्री पुन्हा खालीच झोपायचं, हे शरीराला मानवतं. तरीही त्रास वाढत गेला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं.

थांबायचं म्हटल्यावर जागा मात्र नीट पारखून घ्यावी लागते, आणि इथे मी अजिबात घाई करत नाही. ओढ्याच्या काठची सपाट हिरवळ सगळ्यांना मोह घालते. पण वर कुठेतरी कोसळलेला पाऊस इथलं आकाश निरभ्र असतानाही ओढ्यातून खाली येतो. शिवाय रात्री थंड, जड हवा उतारावरून वाहत येऊन दरीच्या तळाशी साचते. थोडं वर, एखाद्या सपाट टप्प्यावर गाडी लावली तर रात्र बरीच उबदार जाते. पूर्वेला आडवा डोंगर नसेल तर सकाळचं ऊन लवकर मिळतं. वाळलेल्या फांद्यांखाली गाडी लावायची नाही, कुणाच्या शेताची वाट अडवायची नाही, आणि फाटक जसं होतं तसंच ठेवून पुढे जायचं. जमीन कुणाची तरी असते, म्हणून आधी विचारायचं. त्या विचारण्यातूनच ओळख होते. कुठला झरा आटलाय आणि कुठली वाट दरड पडून बंद झालीय, हे गुरं राखणाऱ्या माणसाइतकं कुठल्याच नकाशाला ठाऊक नसतं.

थंडीबद्दल एकच गोष्ट कळकळीने सांगते. ऊब यावी म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. त्याचा अलार्म गाडीत हवाच. शेगडीच्या गॅसच्या गळतीचा अलार्म वेगळा. तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने हा जमिनीलगत बसवायचा. सिलिंडरमध्ये ब्यूटेन किंवा प्रोपेन हे वायू द्रवरूपात भरलेले असतात. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. थंडीत शेगडी पेटत नाही त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

आता चालण्याचं. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक हिशोब मांडला: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. तो धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहे. मुलं बरोबर असली की मी येणारा वेळ दुप्पट धरते, कारण प्रत्येक भुंगा आणि प्रत्येक चपटा दगड थांबवतो. थांबू द्यावं. त्यासाठीच आलेलो असतो. वेळेचं बंधन एकच: दुपारी उतार तापून हवा वर चढते आणि ढग जमतात, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत कड्यावरून खाली यायचं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर कळतात, हे मुलं लगेच शिकतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की माथा सोडायचा, त्यावर चर्चा नाही.

एकाच जागी राहिल्याचा सगळ्यात मोठा लाभ दुसऱ्या दिवशी दिसतो. तीच वाट पुन्हा धरली की मुलं पुढे होतात. इथे निसरडं आहे, इथे पाणी आहे, असं आपल्यालाच सांगू लागतात. नवी जागा दाखवत राहिलं तर मुलं पाहुणीच राहतात. ओळखीच्या वाटेवर ती जबाबदारी घेतात. हे रोज गाडी हलवून होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग निघायचं कधी? ते टाक्या ठरवतात. पिण्याचं पाणी संपतं किंवा टॉयलेटची टाकी भरते, यातलं जे आधी होईल तेव्हा. सांडपाणी आणि मैला ठरलेल्या जागीच रिकामा करायचा, ओढ्यात किंवा झुडपात कधीच नाही. वाटेवर मुलांना जावं लागलंच तर पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, वीतभर खड्डा खणून. निघण्याआधी गॅसची झडप बंद, खिडक्या लावलेल्या, पायरी आत घेतलेली. पुढच्या वेळी कुठे जायचं हे आम्ही मुलांवर सोपवतो, आणि ती बहुधा अर्ध्यावर राहिलेल्या वाटेचंच नाव घेतात. मग आम्ही पुन्हा तिथेच जातो.