ते काय औषध हाय का?

“कोणती औषधे चालू आहेत?” या डॉक्टरांच्या प्रश्नाला धाकट्या जाऊबाईंनी काल परभणीच्या दवाखान्यात “काहीच न्हाई” असे उत्तर दिले. करोनाचा ताप नुकताच उतरला होता आणि एकच पोटरी सुजून दुखत होती. डॉक्टरांनी पाळणा लांबवण्याच्या गोळीविषयी वेगळे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माला-एन घेते की, पण ते काय औषध हाय का?” (हे त्यांना विचारूनच लिहिते आहे.)

सोनोग्राफीत पायात रक्ताची गुठळी निघाली नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

या गोळीतील इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. एरवी वर्षाला १०,००० स्त्रियांमागे सुमारे २ जणींच्या शिरेत गुठळी होते, तर अशा संयुक्त (दोन संप्रेरके असलेल्या) गोळ्या घेणाऱ्यांत ५ ते १२ जणींच्या. धोका लहानच, गरोदरपणात तो याहून अधिक असतो. मात्र करोनासारख्या संसर्गातही रक्त गोठू पाहते, आणि त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, पण ती चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे, आणि एका पायाला सूज, अचानक दम किंवा छातीत दुखणे यांना अशक्तपणा समजू नये.

गोळीचे पाकीट आशाताई देतात, ताप दुसरेच डॉक्टर तपासतात, आणि घरात सासूबाईंसमोर त्या गोळीचे नाव निघत नाही. मग हे सगळे एकत्र पाहायचे कोणी?